पॉलिमरचा फिजिक्सवाला: पिएर-झिल द झेन या प्रोफेसरबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी प्लास्टिकच्या लायनीत आहे, दिवसभर दाण्याची टेस्टिंग, एमएफआय (वितळलेलं प्लास्टिक किती सहज वाहतं त्याचा आकडा) काढणे, रिपोर्ट भरणे. शिक्षण मात्र एमएस्सी फिजिक्स. त्यामुळे "अरे तू इथे कसा काय" हा प्रश्न नातेवाइकांपासून नवीन ट्रेनीपर्यंत सगळे विचारतात, आणि मग मी दर वेळी चहाच्या टपरीवर एका फ्रेंच प्रोफेसरची गोष्ट सांगत बसतो आणि त्यावर पुढचे प्रश्न येतात आणि ते पण साधारण तेच तेच असतात. घसा दुखायला लागला म्हणून एकदाचं लिहून काढलंय. पुढच्या वेळी फक्त लिंक पाठवणार.

हा द झेन कोण, आणि नाव नक्की कसं म्हणायचं?

पिएर-झिल द झेन. इंग्रजी स्पेलिंग बघून लोक डी जेनेस, गेनेस असं काहीही म्हणतात, मीही दोन वर्षं तसंच म्हणत होतो आणि एका सेमिनारमध्ये फ्रेंच पाहुण्यासमोर म्हणालो, असो. मेझर, प्लेझर म्हणताना जो झ येतो तो झ. जन्म २४ ऑक्टोबर १९३२, पॅरिस. मृत्यू १८ मे २००७. १९९१ चं फिजिक्सचं नोबेल, तेही एकट्याला, कुणाबरोबर वाटून नाही. त्या वेळी त्याला "आपल्या काळातला न्यूटन" म्हटलं गेलं. मला ते जरा जास्तच वाटतं, पण माणूस भारी होता यात वाद नाही.

पॉलिमर म्हणजे केमिस्ट्री ना? फिजिक्सवाल्याचं तिथे काय काम?

हा एक नंबरचा प्रश्न, सगळ्यात जास्त वेळा येणारा.

केमिस्ट्रीच होती की. १९२० मध्ये हेर्मान श्टाउडिंगर म्हणाला की रबर, सेल्युलोज वगैरे म्हणजे लांबच लांब साखळीसारखे रेणू (म्हणजेच पॉलिमर) आहेत, तेव्हा बरेच जण त्याच्यावर हसले, शेवटी १९५३ मध्ये त्याला केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. मग पॉल फ्लोरी, तोही केमिस्ट, त्याला १९७४ मध्ये. म्हणजे हा मुलूख केमिस्टांचाच.

पण गंमत अशी आहे की साखळी पुरेशी लांब झाली की तिच्या कड्या कशाच्या आहेत याला बऱ्याच बाबतीत फार महत्त्व राहत नाही. पॉलिथिलीन असो, पॉलिस्टायरीन असो, नाहीतर भेंडीतला चिकट पदार्थ असो (तोही पॉलिमरच, साखरेच्या कड्यांची लांब साखळी, भेंडी चिरताना जी तार सुटते ती त्याचीच), साखळी द्रवात कशी पसरते, किती जागा व्यापते, एकमेकींत कशी अडकते याचे नियम सारखेच निघतात. आणि तपशील बदलले तरी नियम सारखा राहतो असं कुठे दिसलं की फिजिक्सवाल्याचे कान टवकारतात.

एक हिशोब करून बघा. १०,००० कड्यांची साखळी घ्या. ताणून सरळ केली तर लांबी १०,००० कड्या. पण ती कधीच सरळ नसते. दारू प्यायलेला माणूस प्रत्येक पाऊल वाटेल त्या दिशेला टाकतो तशी ती वळवळत जाते आणि मग दोन टोकांमधलं अंतर वर्गमुळाच्या हिशोबाने साधारण १०० कड्या भरतं. पण थांबा, हा दारुडा स्वतःच्याच पावलांवर परत पाय देऊ शकतो, साखळीला ते शक्य नाही, एका जागी दोन कड्या मावत नाहीत. म्हणून चांगल्या द्रावकात ती जरा जास्त फुगते. फ्लोरीने हिशोब केला की वर्गमुळाचा घातांक ०.५ च्या जागी ०.६ येतो, म्हणजे १०० चे साधारण २५० होतात. आज माहीत असलेला आकडा ०.५८८ आहे, म्हणजे फ्लोरी जवळजवळ नेमका पोचला होता, आणि तो का पोचला हे पुढे बराच काळ नीट कळत नव्हतं कारण त्याच्या हिशोबात दोन चुका होत्या ज्या एकमेकींना खाऊन टाकतात. हे मला फार आवडतं.

मग द झेन पहिल्यापासून पॉलिमरवरच होता का?

छे. पॉलिमरपर्यंत यायला त्याला चाळिशी गाठावी लागली.

शाळेत तो साधारण बाराव्या वर्षापर्यंत गेलाच नाही, घरीच शिकला. मग पॅरिसचं एकोल नॉर्माल, म्हणजे तिकडची सगळ्यात मानाची जागा. १९५५ ते ५९ साक्लेच्या अणुऊर्जा केंद्रात, विषय न्यूट्रॉन आणि चुंबक, १९५७ मध्ये पीएचडी. १९५९ मध्ये बर्कलीला चार्ल्स किटेलकडे (हो, तोच, ज्याचं सॉलिड स्टेटचं पुस्तक आपण एमएस्सीला रडत रडत वाचतो). मग २७ महिने फ्रेंच नौदलात सक्तीची नोकरी. १९६१ मध्ये पॅरिसजवळ ओर्सेच्या युनिव्हर्सिटीत असिस्टंट प्रोफेसर, तिथे सुपरकंडक्टर्स, म्हणजे खूप गार केल्यावर विजेला अजिबात अडथळा न करणारे पदार्थ. १९६८ ला ते सोडून लिक्विड क्रिस्टल्स, म्हणजे द्रवासारखे वाहणारे पण आत रेणूंची शिस्त असलेले पदार्थ. १९७१ मध्ये कॉलेज द फ्रान्सला प्रोफेसर, आणि त्याच सुमाराला पॉलिमर. नंतर ओलं होणं, म्हणजे थेंब काचेवर कसा पसरतो ते, नंतर चिकटणं, डिंक, गोंद. शेवटी पेशी आणि मेंदू.

दर पाच-सात वर्षांनी विषय बदलला तर करिअरची वाट लागत नाही का?

आपल्याकडे लागते. प्रामाणिकपणे सांगतो. इंटरव्ह्यूला बसलेले साहेब पहिलं विचारतात की तुमचं स्पेशलायझेशन काय, आणि तीन विषय सांगितले की त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं की हा गडी टिकत नाही. मला स्वतःला एका ठिकाणी हे ऐकावं लागलंय.

पण द झेनचं नीट बघितलं तर तो रिकाम्या हाताने कधीच उठला नाही. प्रत्येक घरातून निघताना एक भांडं बरोबर नेलं. चुंबकाचं गणित पॉलिमरला लावलं. सुपरकंडक्टरमध्ये शिकलेलं १९७२ मध्ये लिक्विड क्रिस्टलच्या एका अवस्थेला लावलं. साक्लेला असताना ओळखीचे झालेले न्यूट्रॉन पुढे पॉलिमर बघायला वापरले. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला वाटतं विषय बदलला, आतून तो तीच चार-पाच हत्यारं घेऊन दुसऱ्याच्या शेतात शिरत होता. नोबेलच्या कमिटीनेही कारण देताना हेच लिहिलंय की साध्या गोष्टींमधली शिस्त समजून घ्यायला बनवलेल्या पद्धती लिक्विड क्रिस्टल, पॉलिमर असल्या गुंतागुंतीच्या पदार्थांनाही लावता येतात हे त्याने शोधलं.

आणि दुसरी गोष्ट, तो एकटा कधी उडी मारत नव्हता. ओर्सेला सुपरकंडक्टरचा ग्रुप उभा केला, लिक्विड क्रिस्टलचा केला, त्यात थिअरीवाले, प्रयोगवाले, केमिस्ट सगळे. नुसता खोलीत बसून कागद काळे करणारा थिअरीवाला तो नव्हता.

"एन बरोबर शून्य" हे काय प्रकरण आहे? शून्य बाजूंचा बाण कसा असेल?

हा प्रश्न विचारला की मला खरंच आनंद होतो, जरा लांबण लागेल, चहा घ्या.

चुंबकाचं मॉडेल असं असतं की प्रत्येक अणूवर एक बाण आहे. बाण फक्त वर-खाली होऊ शकत असेल तर त्याला एक घटक, एन बरोबर १. कागदावर कुठेही फिरू शकत असेल तर एन बरोबर २. खऱ्या जगात तिन्ही दिशांना फिरू शकत असेल तर ३. आता तापमान वाढवलं की एका ठरावीक तापमानाला चुंबकत्व जातं, आणि त्या तापमानाच्या आसपास काय घातांक येतात ते काढणं हा साठीच्या दशकातला मोठा डोकेदुखीचा प्रश्न होता. १९७२ च्या सुमाराला अमेरिकेत केनेथ विल्सन आणि मायकेल फिशर यांनी ते काढायची रीत दिली (विल्सनला त्यासाठी १९८२ चं नोबेल), आणि त्या रीतीत एन हा नुसता एक आकडा म्हणून समीकरणात बसलेला असतो, १ घाला, २ घाला, ३ घाला.

द झेनने त्यात शून्य घातला.

आता तुम्ही म्हणाल हा काय चावटपणा. पण आत काय चाललंय बघा: चुंबकाचा हिशोब उच्च तापमानाकडून करत गेलं की तो वाटांच्या भाषेत लिहिता येतो, म्हणजे एका अणूपासून दुसऱ्या अणूपर्यंत जाणाऱ्या वाटा, आणि मधेमधे स्वतःतच बंद होणारी वेटोळी. प्रत्येक बंद वेटोळ्यामागे हिशोबात एकदा एनने गुणावं लागतं. मग एन शून्य केला की ज्या ज्या पदात वेटोळं आहे ते ते पद शून्य, गायब. उरतं काय, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारी एकच उघडी वाट जी स्वतःला कुठेही छेदत नाही. आणि स्वतःला न छेदणारी लांब वाट म्हणजे काय? द्रावकात पसरलेली पॉलिमरची साखळी! वर दारुड्याच्या उदाहरणात जी अडचण होती तीच.

हे त्याने १९७२ मध्ये जेमतेम दोन पानांत लिहिलं. त्याने झालं काय, की चुंबकवाल्यांनी घाम गाळून कमावलेलं सगळं पॉलिमरवाल्यांना जवळजवळ फुकटात मिळालं, आणि उलट पॉलिमरच्या प्रयोगात मोजलेले आकडे चुंबकवाल्यांना तपासायला मिळाले. माझ्या मते त्याच्या आख्ख्या करिअरमधली ही सगळ्यात सुंदर गोष्ट आहे, पुढे येणाऱ्या सापापेक्षाही.

कोणता साप?

रेप्टेशन. सरपटणाऱ्या प्राण्यांना इंग्रजीत रेप्टाइल म्हणतात ना, त्यावरूनच. १९७१ चं काम.

आता द्रावक काढून टाका, नुसत्या वितळलेल्या साखळ्याच, एकमेकींत गच्च अडकलेल्या. एखादी साखळी हलणार कशी? लोक शेवयांचं उदाहरण देतात, मला जत्रेचं जास्त पटतं. जत्रेत प्रचंड गर्दी आहे आणि घरातली पंधरा माणसं एकमेकांचे हात धरून एका ओळीत चाललीयत. मधल्या काकूंना बाजूला सरकायचं म्हटलं तर शक्यच नाही, दोन्हीकडे माणसं. हलता येतं ते फक्त पुढच्या माणसाला, तो जिथे फट दिसेल तिथे घुसतो आणि मग बाकीचे त्याच्याच मार्गाने मागोमाग जातात. कधी शेपटाकडचा माणूस मागे ओढतो, मग सगळे तिकडे. साखळी अशीच आपल्याच अंगाच्या बोगद्यातून पुढे-मागे सरपटत राहते, आणि हळूहळू जुना बोगदा सोडून नव्या बोगद्यात येते.

याला किती वेळ लागेल? इथे त्याची स्टाइल दिसते, गणित शाळेतलं आहे. बोगद्याची लांबी साखळीच्या लांबीच्या प्रमाणात. साखळी जितकी लांब तितकं घर्षण जास्त, म्हणजे सरपटण्याचा वेग तितक्या पटीने कमी. असं इकडे-तिकडे भटकत एखादं अंतर कापायला अंतराच्या वर्गाएवढा वेळ लागतो. वर्ग गुणिले घर्षण, लांबीचा घन. झालं. साखळी दुप्पट केली की सुटायला आठपट वेळ, दहापट केली की हजारपट.

माझ्या टेबलावर हे रोज दिसतं. एमएफआय म्हणजे पॉलिथिलीन असेल तर १९० डिग्रीला वितळवून २.१६ किलो वजनाखाली बारीक भोकातून १० मिनिटांत किती ग्रॅम बाहेर पडतं ते. बादल्या-टब काढायच्या इंजेक्शनच्या ग्रेडचा दाणा झरझर वाहतो, पाइपच्या ग्रेडचा दाणा हट्टाने बसून राहतो, मशीनसमोर उभं राहून कंटाळा येतो. दोन्ही पॉलिथिलीनच, मुख्य फरक साखळी किती लांब. ट्रेनी पोरं विचारतात, सर लांबीत एवढा फरक नाहीये मग वाहण्यात एवढा कसा, तेव्हा मी जत्रेतल्या काकू सांगतो.

पण प्रयोगात घन येतो का खरंच?

नाही येत! हुशार आहात. दाटपणा मोजला (तोही या सुटायच्या वेळाच्याच प्रमाणात वाढतो) तर घातांक ३ नाही, ३.४ च्या आसपास येतो. म्हणजे लांबी दुप्पट केली तर ८ पट ऐवजी साधारण साडेदहा पट. नंतर लोकांनी दाखवलं की साखळीची टोकं बोगद्याच्या आत-बाहेर लुकलुकत असतात, बोगद्याच्या भिंतीही हलतात कारण त्याही साखळ्याच आहेत आणि त्याही सरपटतायत, हे सगळं धरलं की मधला फरक बराचसा भरून निघतो, खूपच लांब साखळ्या असतील तर घनाकडे जातं. म्हणजे चित्र बरोबर होतं, बारकावे राहिले होते. द झेनचं सगळंच असं होतं, चित्र आधी, बारकावे दुसऱ्यांनी भरावेत.

साप प्रत्यक्ष दिसायला मात्र २३ वर्षं लागली. १९९४ मध्ये स्टॅनफर्डला स्टीव्हन चू आणि मंडळींनी चमकणारा रंग लावलेला एक डीएनए, इतर न रंगवलेल्या डीएनएच्या गुंत्यातून ओढत नेला आणि सोडला, तर तो ज्या वळणांनी गेला होता त्याच वळणांच्या बोगद्यातून परत आक्रसत आला. (हे चू नंतर लेझरने अणू थंड करण्यासाठी १९९७ चं नोबेल घेऊन गेले आणि पुढे ओबामांचे ऊर्जामंत्री झाले, काही लोकांना जमतं बाबा.)

बोगद्याची कल्पना द झेनचीच का?

नाही, आणि हे सांगितलंच पाहिजे. बोगदा सॅम एडवर्ड्सचा, १९६७, रबराच्या संदर्भात. एडवर्ड्स वेल्सचा, स्वान्सीला जन्मलेला, हार्वर्डला श्विंगर या नामांकित फिजिक्सवाल्याकडे शिकलेला, आधी मँचेस्टर, मग १९७२ पासून केंब्रिज. पॉलिमरला पक्कं फिजिक्सचं गणित लावण्याची सुरुवात खरं तर त्याची, १९६५ पासूनच. नंतर मासाओ दोई या जपानी माणसाबरोबर त्याने १९७८ मध्ये साप आणि बोगदा दोन्ही घेऊन वितळलेल्या प्लास्टिकच्या वाहण्याची पूर्ण थिअरी लिहिली, जी आजही वापरतात. मधल्या काळात हा माणूस इंग्लंडच्या सायन्स रिसर्च कौन्सिलचा अध्यक्ष होता, म्हणजे दिवसा सरकारी फायली आणि उरलेल्या वेळात फिजिक्स. १९९१ चं नोबेल दोघांत वाटलं असतं तर मला जास्त बरं वाटलं असतं. हे माझं मत.

कागदावरचं ठीक आहे, पण गुंत्यातली एक साखळी दिसणार कशी? सगळ्या सारख्याच ना?

त्यासाठी साक्लेचे न्यूट्रॉन. साध्या हायड्रोजनवरून आणि जड हायड्रोजनवरून, म्हणजे ड्युटेरियमवरून, न्यूट्रॉन वेगवेगळे विखुरतात, केमिस्ट्री मात्र जवळजवळ तीच राहते. मग थोड्या साखळ्या ड्युटेरियमच्या बनवायच्या आणि बाकीच्यांत मिसळायच्या, जसं पातेलंभर शेवयांत चार शेवया रंगवून टाकाव्यात. अणुभट्टीतून येणारे न्यूट्रॉन त्यावर सोडले की फक्त रंगवलेल्यांचा आकार कळतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हे झालं आणि निघालं काय, तर गच्च गर्दीत साखळी फुगत नाही, साध्या दारुड्यासारखीच वागते, वर्गमुळाचा नियम. कारण फुगून जाणार कुठे, सगळीकडे तेवढीच गर्दी. हे फ्लोरीने आधीच म्हणून ठेवलं होतं आणि पुष्कळांचा विश्वास नव्हता.

यासाठी स्ट्रासबुर्गचे केमिस्ट, साक्लेचे न्यूट्रॉनवाले आणि कॉलेज द फ्रान्सचे थिअरीवाले एकत्र आले, तिन्ही नावांचे तुकडे जोडून गटाचं नाव ठेवलं स्ट्रासाकॉल. केमिस्ट साखळी बनवून देणार, दुसरा मोजणार, तिसरा अर्थ लावणार. आपल्याकडे शेजारच्या डिपार्टमेंटकडून एक बीकर आणायचा तर एचओडीची सही लागते.

कॉलेज द फ्रान्स म्हणजे युनिव्हर्सिटी का?

नाव कॉलेज आहे पण तिथे ना परीक्षा, ना डिग्री, ना ॲडमिशन. १५३० पासून चालू आहे. लेक्चरला कुणीही जाऊन बसू शकतं, फुकट. अट प्रोफेसरवर आहे, की स्वतः सध्या जे शोधतोय ते शिकवायचं आणि दर वर्षी नवीन शिकवायचं. पिवळ्या पडलेल्या नोट्स बंद. द झेन १९७१ ते २००४ तिथे होता आणि विषय बदलायची त्याची खोड आणि ही अट एकमेकांना अगदी मानवली. पॉलिमरवरचं त्याचं १९७९ चं गाजलेलं पुस्तक वाचताना फळ्यासमोर बसल्यासारखं वाटतं, समीकरणं थोडी, आकृत्या आणि बोलणं जास्त.

म्हणजे नुसतं रिसर्च, बाकी काही व्याप नाही?

होता की. १९७६ ते २००२, सव्वीस वर्षं, तो पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग स्कूलचा डायरेक्टर होता, फिजिक्स आणि केमिस्ट्री दोन्ही एका छपराखाली शिकवणारी शाळा, तीच जिथे क्युरी नवरा-बायकोने १८९८ मध्ये पोलोनियम आणि रेडियम शोधलं. डायरेक्टर आणि प्रोफेसर एकाच वेळी. कसं करायचा कोण जाणे, मला तर आयएसओ ऑडिटच्या आठवड्यात जेवायला वेळ मिळत नाही.

त्याचं गणित फार कठीण असतं का?

उलट. तो आकड्यांच्या पुढचे गुणक सरळ सोडून द्यायचा. बरोबरचं चिन्ह नाही, लाटेसारखं ते "साधारण" चं चिन्ह. २ आहे का पाय (३.१४ वाला) आहे याने मला फरक पडत नाही, लांबी दुप्पट केल्यावर काय होतं तेवढं सांगा, असा हिशोब. आपल्याकडे परीक्षेत याला शून्य मार्क. पण काय सोडायचं हे कळायला आधी पूर्ण गणित येत असावं लागतं, त्याला ते येत होतं, म्हणून त्याच्या स्टाइलची नक्कल करणारे बरेच जण तोंडावर आपटले.

नोबेलच्या भाषणात बुटांचं काहीतरी होतं ना?

हो, आणि शाईचं पण. ॲमेझॉनच्या खोऱ्यातले मूळ रहिवासी रबराच्या झाडाचा चीक पायाला फासायचे, थोड्या वेळात तो घट्ट होऊन बूट तयार. हवेतला ऑक्सिजन साखळ्यांमध्ये अधूनमधून टाके घालतो. साधारण २०० कार्बन अणूंमागे फक्त एकावर क्रिया होते, आणि एवढ्याने द्रवाचा घन होतो! पण ऑक्सिजन थांबत नाही, तो पुढे साखळ्याच तोडत सुटतो, म्हणून बूट लवकर फाटतो. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये तेच गंधकाने केलं, गंधक टाका घालून गप्प बसतं, आणि टायर तयार झाले. थोडंसं छेडलं की भलताच मोठा बदल, हीच या पदार्थांची ओळख, आणि अशा सगळ्यांना मिळून नाव पडलं सॉफ्ट मॅटर. ते नाव फ्रेंचमध्ये द झेनची सहकारी मादलेन व्हेसिए हिने थट्टेत पाडलं होतं, फ्रेंचमध्ये त्याचा जरा वात्रट अर्थ होतो. इंग्रजीत गेल्यावर सगळे गंभीर झाले.

शाईचं तर आपल्या घरातलंच आहे. काजळ पाण्यात ढवळलं तर त्याच्या गुठळ्या होऊन खाली बसतं. त्यात डिंक घातला की बसत नाही, कारण डिंकाच्या साखळ्या काजळाच्या कणांना चिकटून केसांसारख्या बाहेर पसरतात आणि दोन कणांना जवळ येऊ देत नाहीत. आपल्याकडे पोथ्या लिहिणाऱ्यांना काजळ आणि डिंक हे बरोबर माहीत होतं, का ते माहीत नसेल.

नोबेलनंतर काय केलं?

शाळांमध्ये गेला. १९९२ ते ९४ या काळात साधारण २०० हायस्कूल्स. पोरांसमोर रबर, शाई, साबणाचे फुगे. नंतर २००२ पासून पॅरिसच्या क्युरी इन्स्टिट्यूटमध्ये, पेशी एकमेकींना कशा चिकटतात आणि मग आठवण मेंदूत कशी राहते यावर, म्हणजे सत्तरीत परत नवीन विषय.

आपल्याकडे असं काही आहे का? कुठे अप्लाय करू?

पुण्यात एनसीएल (नॅशनल केमिकल लॅबोरेटरी) आहेच, १९५० पासून, पॉलिमर हा तिथला जुना आणि पक्का विषय. रघुनाथ माशेलकर (मूळ गोव्यातल्या माशेलचे) १९७६ मध्ये तिथे आले ते पॉलिमरवरच, आणि १९८९ मध्ये डायरेक्टर झाले. बेंगळुरूला रामन इन्स्टिट्यूट, तिथे १९७७ मध्ये एस. चंद्रशेखर आणि सहकाऱ्यांनी चकतीसारख्या रेणूंचे लिक्विड क्रिस्टल शोधले, जगात पहिल्यांदा. (हे नोबेलवाले चंद्रशेखर नव्हेत, पण दोघेही सी. व्ही. रामन यांचे पुतणे-भाचे मंडळींपैकीच.) नेट, गेट, जेस्ट या प्रवेश परीक्षा द्या, सॉफ्ट मॅटरचे ग्रुप आता आयसर, आयआयटीतही आहेत. आणि रिसर्च नाही जमलं तरी टायर, पेंट, पॅकेजिंग, ॲडेझिव्ह, औषधाच्या गोळ्यांचं कोटिंग, कुठेही रिऑलॉजी (पदार्थ कसे वाहतात याचं शास्त्र) येणारा फिजिक्सवाला चालतो. एमबीए केलेल्याएवढा पगार मिळत नाही, आधीच सांगतो.

मी अकरावीत आहे, यातलं घरी करून बघण्यासारखं काही?

जाड रबरबँड घ्या. झटकन ताणा आणि लगेच वरच्या ओठाला लावा, गरम लागेल. तसाच ताणून अर्धा मिनिट धरा, मग सोडा आणि लगेच ओठाला लावा, गार. मग तो खिळ्याला अडकवून खाली कुलूप टांगा आणि हेअर ड्रायरने गरम करा. लोखंडाची तार गरम केली तर लांब होते, हा आखडेल आणि कुलूप वर येईल. थोडंच येतं, म्हणून मागे पट्टी लावून ठेवा. साखळ्यांना सरळ राहण्यापेक्षा गुंडाळून राहायचे मार्ग कितीतरी जास्त असतात आणि उष्णता दिली की त्या ओढ जास्त जोरात लावतात. कुलूप किती मिलिमीटर वर आलं ते कळवा, माझ्याकडे आधीच्या पोरांचे आकडे वहीत लिहून ठेवलेत. आईचा ड्रायर जळला तर मला फोन करू नका.